'वर्ष बंद करा' हे बटण दाबण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ष बंद करा' असा पर्याय दिसतो, पण तो न वापरताही नव्या वर्षाच्या एन्ट्र्या बिनदिक्कत होत आहेत. मग तो वापरायचा की नाही? वापरल्यानंतर ऑडिटरने दुरुस्त्या सांगितल्या तर काय करायचं? आणि गेल्या वर्षीच्या सही झालेल्या ताळेबंदात संचित नफा (आजवर साठत आलेला नफा) ८,४२,३०० आहे, पण आज सॉफ्टवेअरमध्ये त्याच तारखेचा ताळेबंद उघडला तर ८,२४,३०० दिसतो. हा फरक आला कुठून?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो. उत्पन्नाची आणि खर्चाची खाती शून्यावर आणणं हे सॉफ्टवेअर क्षणात करतं आणि त्यात चुकायला फारशी जागा नसते. कष्ट आहेत ते ताळेबंदातल्या खात्यांचे. ती खाती शून्य होत नाहीत. त्यांची शिल्लक पुढच्या वर्षात जाते, आणि शिल्लक चुकीची असेल तर चुकीसकट जाते. ताळेबंदातल्या प्रत्येक शिल्लकेसमोर सॉफ्टवेअरबाहेरचा एखादा पुरावा ठेवता आला, आणि त्यानंतर त्या आकड्यांना कोणाचा हात लागणार नाही अशी सोय केली, की वर्ष बंद झालं असं मी मानतो.

आता बटणाबद्दल. ते नेमकं काय करतं हे सॉफ्टवेअरनुसार बदलतं, आणि आपलं सॉफ्टवेअर कोणत्या जातीचं आहे हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो.

क्विकबुक्स, झीरो, ओडू यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्लोजिंग एन्ट्री, म्हणजे उत्पन्न-खर्चाची खाती शून्य करून नफा संचित नफ्यात नेणारी नोंद, पडतच नाही. नव्या वर्षाची तारीख लागली की मागच्या वर्षाचा निव्वळ नफा ताळेबंद काढताना आपोआप संचित नफ्यात मिळवून दाखवला जातो. तो हिशेब दर वेळी रिपोर्ट उघडताना नव्याने होतो. टॅलीतही वर्ष बंद करण्याची वेगळी प्रक्रिया नाही. पीरियड बदलला की शिल्लका पुढे येतात आणि नफा-तोटा खात्यात सुरुवातीची शिल्लक व चालू काळाचा नफा असे दोन आकडे दिसतात. तो नफा भांडवलात किंवा राखीव निधीत न्यायचा असेल तर जर्नल एन्ट्री आपणच पास करायची असते.

दुसऱ्या जातीत खरोखरची एन्ट्री पडते. ईआरपीनेक्स्टमध्ये पीरियड क्लोजिंग व्हाउचर करावं लागतं. डायनॅमिक्स बिझनेस सेंट्रलमध्ये आधी वर्ष बंद करायचं, मग उत्पन्न-खर्चाची खाती बंद करणारी प्रक्रिया चालवायची, आणि त्यातून तयार झालेल्या जर्नलच्या ओळी स्वतः पोस्ट करायच्या. ही शेवटची पायरी पुष्कळ जण विसरतात, कारण प्रक्रिया 'यशस्वी झाली' असा संदेश आलेला असतो. अशा एन्ट्रीचा आणखी एक परिणाम ठाऊक असू द्या. ती वर्षाच्या शेवटच्या तारखेला पडली आणि रिपोर्टने तिला वगळलं नाही, तर त्या वर्षाचं नफा-तोटा पत्रक सगळीकडे शून्य दाखवतं. ते पाहून घाबरून एन्ट्री उडवणारे लोक मी पाहिले आहेत. बिझनेस सेंट्रल यासाठी वर्षाचा शेवटचा दिवस आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस यांच्यामध्ये एक कल्पित 'क्लोजिंग' तारीख धरतं. इतर ठिकाणी क्लोजिंग एन्ट्र्या धरायच्या की वगळायच्या असा फिल्टर बहुधा रिपोर्टमध्येच असतो. आधी तो शोधा.

मोठ्या ईआरपीचं (सगळा धंदा एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) वळण वेगळं. एसएपीमध्ये १२ नेहमीच्या कालखंडांपुढे ४ पर्यंत विशेष कालखंड ठेवता येतात, म्हणजे १३ ते १६. वर्षअखेरच्या आणि ऑडिटच्या दुरुस्त्या तिथे पडतात, शेवटच्या महिन्याचे आकडे त्यामुळे बिघडत नाहीत. शिल्लका पुढे नेण्याची प्रक्रिया एकदा चालवली की नंतर जुन्या वर्षात पडलेली एन्ट्री आपोआप नव्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लकेतही उतरते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: तुमच्याकडे बटण न वापरता नव्या वर्षाच्या एन्ट्र्या होत आहेत, यात काहीही गैर नाही. ते बटण फक्त लॉक लावतं (म्हणजे जुन्या तारखांच्या नोंदी अडवतं) की खरी एन्ट्री टाकतं हे सॉफ्टवेअरच्या मदतपानावर बघा. एन्ट्री टाकत असेल तर ती परत फिरवता येते का, हेही तिथेच बघा. आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी ते सर्वांत शेवटी दाबायचं.

त्याआधी शिल्लका. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) जुळतोय ना, मग काय बघायचं, असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीने दुहेरी नोंद पद्धत छापून मांडली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळणं ही मोठी परीक्षा होती, कारण सगळं हाताने चालायचं. आज सॉफ्टवेअर डेबिट-क्रेडिट असमान असलेली एन्ट्री घेतच नाही. त्यामुळे जुळलेल्या ट्रायल बॅलन्सवरून एवढंच कळतं की सॉफ्टवेअर चालू आहे.

बँकेपासून सुरुवात करा. बँकेचं स्टेटमेंट हा आयता बाहेरचा पुरावा आहे. ताळमेळात फरक शून्य आला म्हणून मात्र तिथेच थांबू नका; न वटलेल्या नोंदींची यादी काढा आणि एकेकीचं वय बघा. चार दिवसांपूर्वी दिलेला चेक वटला नसेल तर ठीक. पण ग्राहकाकडून आलेली रक्कम पाच महिने 'बँकेत जमा होणे बाकी' दिसत असेल, तर ती बहुतेक वेळा दोनदा नोंदलेली असते: एकदा हाताने आणि एकदा बँकेकडून आपोआप आलेल्या स्टेटमेंटमधून. बँकेचा ताळमेळ जुळतो, ग्राहकाचं येणं मात्र खोटंच कमी झालेलं असतं.

मग येणी आणि देणी. ग्राहकवार यादीची बेरीज आणि जनरल लेजरमधल्या (मुख्य खातेवहीतल्या) येण्यांच्या खात्याची शिल्लक एकच असली पाहिजे, तारीख तीच ठेवून. फरक आला तर पहिला संशय थेट त्या खात्यावर टाकलेल्या जर्नल एन्ट्रीवर घ्या. शक्य असेल तिथे या खात्यावर थेट एन्ट्री बंदच करून ठेवा. त्यानंतर कोणत्याही बिलाला न लावलेल्या पावत्या बघा. ग्राहकाच्या नावावर ५०,००० चं बिल थकलेलं आणि ५०,००० ची पावती सुटी पडलेली, असं असेल तर एकूण शिल्लक शून्य दिसते, पण वयवार यादीत (कोणतं बिल किती दिवस थकलंय ते दाखवणाऱ्या) तो थकबाकीदार म्हणून झळकतो आणि त्याच्यासाठी बुडीत येण्यांची तरतूदही होऊन जाते. येण्यांच्या यादीत ज्यांची शिल्लक क्रेडिट आहे, त्यांचं खरं तर आपणच देणं लागतो. ताळेबंदात ती रक्कम देण्यांकडे दाखवायची. देण्यांतल्या डेबिट शिल्लकांचं याच्या उलट.

साठ्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. मोजणी आणि सॉफ्टवेअरमधले नग जुळवणं हा सोपा भाग. अडचण किमतीत लपलेली असते. एक लहान उदाहरण घ्या. एका वस्तूचा साठा शून्य आहे. माल येऊन पडलाय, पण खरेदीचं बिल अजून चढवलेलं नाही, आणि विक्रीची घाई म्हणून १० नगांचं विक्रीबिल आधी केलं. साठा उणे १० झाला. सॉफ्टवेअरने किंमत म्हणून मागची माहीत असलेली ४० धरली, म्हणजे विकलेल्या मालाचा खर्च ४०० नोंदला. दोन दिवसांनी खरेदीचं बिल चढलं, १० नग, दर ५५, एकूण ५५०. आता नग शून्य आहेत, पण साठ्याच्या खात्यात १५० उरले. मालच नाही आणि त्याची किंमत आहे. एका वस्तूचं हे असं, शेकडो वस्तूंचं वर्षभर साचलं की नफा तेवढ्याने फुगलेला दिसतो. काही सॉफ्टवेअर नंतर खर्च सुधारण्याची प्रक्रिया चालवून हे १५० काढून टाकतात. ती प्रक्रिया वर्ष लॉक करण्याआधी चालवा; लॉकनंतर चालवली तर दुरुस्ती नव्या वर्षात पडते किंवा एररवर अडकते. म्हणून साठ्याचा रिपोर्ट काढून दोनच गाळण्या लावा: नग शून्य पण किंमत शून्य नाही, आणि नग उणे. दोन्ही याद्या रिकाम्या होईपर्यंत पुढे जाऊ नका.

साठ्याचीच दुसरी बाजू म्हणजे माल आणि बिल यांची तारीख. वर्षाच्या शेवटच्या दिवशी गोदामात माल आला आणि बिल पुढच्या वर्षात आलं, तर साठा मोजणीत धरला जातो पण देणं धरलं जात नाही, आणि नफा तेवढ्या रकमेने वाढतो. 'माल आला, बिल बाकी' असं एक खातं बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्यातली प्रत्येक नोंद कोणत्या पावतीची आहे हे सांगता आलं पाहिजे. जुन्या, कोणालाच आठवत नसलेल्या नोंदी तिथे हमखास सापडतात. आणि ज्या वस्तू आता खरेदी किमतीलाही विकल्या जाणार नाहीत, त्या विक्रीतून मिळू शकणाऱ्या निव्वळ रकमेवर आणा. सॉफ्टवेअर हे आपणहून करणार नाही, माणसालाच ठरवावं लागतं.

स्थिर मालमत्तेचं रजिस्टर आणि लेजर जुळवून घसारा चालवा. विकलेली किंवा मोडीत काढलेली यंत्रं रजिस्टरमधून निघाली आहेत ना, एवढं बघा. कर्जाची शिल्लक कर्ज देणाऱ्याच्या पत्राशी जुळवा, आणि पुढच्या बारा महिन्यांत फेडायचा हिस्सा चालू देण्यांत दाखवा. करांच्या खात्यांची शिल्लक भरलेल्या विवरणपत्रांशी जुळली पाहिजे. उचंत खातं (कुठे टाकायचं ते न ठरलेल्या रकमांचं) शून्य. त्यात काही उरलं तर 'किरकोळ खर्चात टाकून देऊ' हा मार्ग घेऊ नका. ती रक्कम लहान दिसते, पण अनेकदा ती दोन मोठ्या, विरुद्ध दिशेच्या चुकांची वजाबाकी असते.

परकी चलनातल्या शिल्लकांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे सॉफ्टवेअर विचार न करता चालतं. समजा ग्राहकाकडून १०,००० परकी चलन येणं आहे. बिल केलं तेव्हा दर ८० होता, वर्षअखेरीला ८४. येणं ८,००,००० वरून ८,४०,००० वर न्यायचं आणि ४०,००० चा फायदा दाखवायचा. पण दर ८० असताना पुरवठादाराला मालासाठी ५,००० परकी चलन आगाऊ दिलं असेल, तर त्या बदल्यात पैसे परत मिळायचे नाहीत, माल मिळायचा आहे. आंतरराष्ट्रीय लेखा मानक २१ प्रमाणे अशी बाब पैशाच्या स्वरूपाची नाही, ती दिल्या दिवसाच्या दरावरच राहते, म्हणजे ४,००,०००. सॉफ्टवेअरचं फेरमूल्यांकन मात्र परकी चलनातली सगळी खाती एका झटक्यात नव्या दरावर नेऊ शकतं. म्हणून आगाऊ रकमा वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते खातं फेरमूल्यांकनातून वगळा.

यानंतर आगाऊ दिलेले आणि द्यायचे राहिलेले खर्च. वर्षाच्या दहाव्या महिन्याच्या सुरुवातीला १२ महिन्यांचा विमा १,२०,००० भरला, तर या वर्षाचा खर्च ३०,००० आणि ९०,००० आगाऊ खर्च म्हणून ताळेबंदात. इथे पुरावा म्हणजे पॉलिसीवरची तारीख. द्यायच्या राहिलेल्या खर्चांसाठी एक खात्रीची रीत आहे: नव्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत आलेली बिलं आणि केलेली पेमेंट समोर घ्या, आणि प्रत्येकाला विचारा, सेवा कधी मिळाली? जुन्या वर्षात मिळाली असेल तर तरतूद जुन्या वर्षात. मागच्या वर्षाच्या यादीवरून तरतुदी नकलून काढण्यापेक्षा या रीतीने पुष्कळ जास्त सापडतं.

या सगळ्याला क्रम आहे आणि तो मोडू नका. साठा आणि त्याचा खर्च आधी, मग घसारा, मग परकी चलन, मग तरतुदी, आणि नफ्यावरचा कर सर्वांत शेवटी. कराचा आकडा बाकी सगळ्यावर अवलंबून असतो. तो आधी काढला तर प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा काढावा लागतो, आणि एखाद्या वेळी तो पुन्हा काढायचा राहूनच जातो.

आता तुमचे १८,०००. या फरकाला ९ ने भाग जातो, आणि ८,४२,३०० व ८,२४,३०० यांत ४ आणि २ यांची अदलाबदल दिसते, म्हणून कोणीतरी आकडा उलटा टाइप केला असेल असं वाटणं साहजिक आहे. हातवहीच्या काळात ही खूण उपयोगी होती. पण संचित नफा सॉफ्टवेअर स्वतः मोजतं, तो कोणी टाइप करत नाही. तुम्ही ती शिल्लक ओपनिंग म्हणून हाताने भरली असेल किंवा जर्नलने नेली असेल, तरच या शंकेला अर्थ आहे. ते एकदा बघून घ्या आणि पुढे जा.

नेमकी रीत अशी. सही झालेल्या ताळेबंदाबरोबरचा ट्रायल बॅलन्स घ्या, तोच जो ऑडिटरकडे गेला होता. आज सॉफ्टवेअरमधून त्याच तारखेचा ट्रायल बॅलन्स काढा. दोन्ही एका शीटमध्ये खात्यानुसार शेजारी लावा आणि वजाबाकी करा. बहुतेक सगळ्या ओळी शून्य येतील. ज्या शून्य नाहीत, त्याच तुमचं उत्तर आहेत. समजा दुरुस्ती खर्च १८,००० ने वाढलाय आणि एका पुरवठादाराचं देणं १८,००० ने. त्या पुरवठादाराचं खातं उघडा, पण यादी व्हाउचरच्या तारखेने लावू नका. एन्ट्री कधी टाकली किंवा कधी बदलली त्या वेळेने लावा, किंवा सरळ ऑडिट लॉग (कोणी कधी काय बदललं याची नोंद) बघा. माझा अंदाज आहे की सही झाल्यानंतर केव्हातरी टाकलेलं एक बिल तिथे सापडेल. बिल उशिरा हातात आलं, त्यावर जुन्या वर्षाची तारीख होती, टाकणाऱ्याने तीच तारीख एन्ट्रीला दिली, आणि सॉफ्टवेअरने घेतली, कारण लॉक नव्हतं. तुमचं सॉफ्टवेअर क्लोजिंग एन्ट्री न टाकणाऱ्या जातीचं असेल, तर दर वेळी नव्याने मोजलेल्या संचित नफ्यात तो खर्च लगेच उतरला असणार.

त्यावर उपाय: बिलाची तारीख आणि पोस्टिंगची तारीख हे दोन वेगळे रकाने वापरा. बिलाची तारीख कागदावरचीच राहील, पोस्टिंग चालू वर्षात. ती एन्ट्री जुन्याच तारखेला रिव्हर्स करून अशी पुन्हा टाका, आणि संचित नफा ८,४२,३०० झाला का ते बघा. सही झालेल्या आकड्यांशी सॉफ्टवेअर जुळवायचं, सॉफ्टवेअरशी सही झालेले आकडे नव्हे. १८,००० तुमच्या उलाढालीच्या मानाने क्षुल्लक असतील तर ते चालू वर्षाचा खर्च म्हणून गेले तरी चालतील. रक्कम इतकी मोठी असती की ताळेबंद वाचणाऱ्याचं मत बदललं असतं, तर आंतरराष्ट्रीय लेखा मानक ८ प्रमाणे मागच्या वर्षाचे तुलनेसाठी दिलेले आकडेच सुधारून मांडावे लागतात. तो निर्णय ऑडिटरबरोबर बसून घ्यायचा, एन्ट्री टाकणाऱ्याने एकट्याने नाही.

तुलनेत खर्चाचं कोणतंच खातं बदललेलं दिसत नसेल, पण एखादं खातं एका गटातून दुसऱ्या गटात गेलेलं दिसलं, तर मास्टर (खात्यांची आणि वस्तूंची मूळ माहिती) बघा. हा प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. खर्चाच्या गटातलं एखादं लेजर कोणीतरी नव्या वर्षात मालमत्तेच्या गटात हलवलं, की काही सॉफ्टवेअरमध्ये जुन्या सगळ्या वर्षांचे रिपोर्ट मागे जाऊन बदलतात. एकही एन्ट्री न टाकता, एकही तारीख न बदलता. साठ्याची मूल्यांकन पद्धत बदलली, दोन लेजर एकत्र केली, लेजरची सुरुवातीची शिल्लक सुधारली, तरी असंच होऊ शकतं. टॅली वापरणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळावं. एन्ट्र्यांना लावलेलं लॉक मास्टरमधल्या बदलांना अडवेलच असं नाही. म्हणून वर्ष बंद झाल्यावर मास्टर बदलण्याचा अधिकार एका-दोघांकडेच ठेवा, आणि गट बदलण्यापेक्षा नवं लेजर उघडून जुनं बंद करा.

लॉकबद्दल. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पातळ्या मिळतात: एक सर्वसाधारण वापरणाऱ्यांसाठी, दुसरी लेखापाल किंवा सल्लागारासकट सगळ्यांसाठी. झीरोमध्ये अशा दोन तारखा आहेत. क्विकबुक्समध्ये बंद तारखेला पासवर्ड लावता येतो. माझी पद्धत अशी आहे की पहिली तारीख दर महिन्याला पुढे सरकवायची, महिन्याचा बँक ताळमेळ झाला की लगेच. वर्षअखेरची वाट पाहायचीच नाही. दुसरी तारीख ताळेबंदावर सही झाल्याच्या दिवशी. आणि पासवर्ड एन्ट्री करणाऱ्यांत वाटायचा नाही. कामाच्या गडबडीत 'फक्त पाच मिनिटं उघडून द्या' अशी विनंती येते. त्यावर 'मला कागद द्या, मी टाकतो' हे उत्तर कायम तयार ठेवा.

ऑडिटरच्या दुरुस्त्या लॉकनंतर आल्या तर त्यात अवघड काही नाही, ताळेबंदावर सही झालेली नसेल तोवर. फक्त एकाच माणसासाठी लॉक उघडा. दुरुस्त्या वर्षाच्या शेवटच्या तारखेला, स्वतंत्र व्हाउचर मालिकेत किंवा तेराव्या कालखंडात टाका, आणि प्रत्येकीच्या तपशिलात ऑडिटरच्या यादीतला क्रमांक लिहा. जुनी एन्ट्री उघडून तिची रक्कम बदलू नका. खरी क्लोजिंग एन्ट्री पडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीनंतर ती प्रक्रिया पुन्हा चालवावी लागते. नाही चालवली तर दुरुस्तीतला खर्च त्याच खात्यात अडकून पडतो आणि नव्या वर्षात त्याची सुरुवातीची शिल्लक दिसते. खर्चाच्या खात्याला सुरुवातीची शिल्लक दिसली, की हे राहून गेलंय असं समजा. सगळं झालं की नवा ट्रायल बॅलन्स ऑडिटरच्या अंतिम प्रतीशी ओळीने ओळ ताडून पुन्हा लॉक.

वर्ष संपल्यानंतर पण सहीआधी घडलेल्या गोष्टींसाठी मानक १० आहे. वर्षअखेरीला येणं असलेला ग्राहक त्यानंतर लगेच दिवाळखोर ठरला, तर सर्वसाधारणपणे तो आधीपासूनच अडचणीत होता याचा तो पुरावा मानतात, आणि येणं जुन्या वर्षातच कमी करतात. गोदामाला नव्या वर्षात आग लागली, तर जुन्या वर्षाच्या तारखेला माल शाबूत होता. आकडे बदलायचे नाहीत, नुकसान मोठं असेल तर टिपणीत सांगायचं.

सही झाली की रिपोर्ट पीडीएफ आणि शीट अशा दोन्ही रूपांत काढून ठेवा: ट्रायल बॅलन्स, पूर्ण जनरल लेजर, वयवार येणी-देणी, वस्तुवार साठा आणि त्याची किंमत, मालमत्ता रजिस्टर. सॉफ्टवेअरमध्ये असताना हे कशाला, असं वाटेल. पण वयवार यादी नंतर जशीच्या तशी निघेल याची खात्री नसते. काही सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या वर्षात पावती जुन्या बिलाला लावली की मागच्या तारखेची यादीही बदलते. डेटाचा बॅकअप घेतलात तर तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. जोवर तो उघडून बघितलेला नाही, तोवर बॅकअप आहे असं धरू नका.

दर वर्षी नवी कंपनी उघडून फक्त शिल्लका पुढे नेण्याची सवय असेल तर सोडा. त्यात बिलवार येणी तुटतात, मागच्या वर्षाशी तुलना जाते, आणि ओपनिंग हाताने भरताना चुका शिरतात. डेटा इतका वाढला की सॉफ्टवेअर हळू झालं, तरच विभागणीचा विचार करा.

नवं वर्ष सुरू झाल्यावरचं एक काम मात्र जुन्या वर्षाचंच असतं. केलेल्या तरतुदी पहिल्याच तारखेला रिव्हर्स करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एन्ट्री टाकतानाच रिव्हर्सलची तारीख देता येते. शेवटच्या महिन्याच्या विजेसाठी १८,५०० ची तरतूद केली, बिल १८,९४० आलं. रिव्हर्सल झालेलं असेल तर नव्या वर्षावर फक्त ४४० पडतात, आणि बिल टाकणाऱ्याला तरतुदीची आठवण ठेवावी लागत नाही. रिव्हर्सल राहिलं तर तोच खर्च दोन वर्षांत दोनदा लागतो आणि देण्यांत १८,५०० ची एक अनाथ शिल्लक पडून राहते. म्हणून पहिल्या महिन्याच्या अखेरीला तरतुदींचं खातं उघडून बघा: रिव्हर्सल प्रत्येकीचं झालेलं असलं पाहिजे, आणि ज्या तरतुदीसमोर अजून बिल आलेलं नाही, त्या खर्चाचं खातं तेवढ्यापुरतं क्रेडिट दिसेल. तिसऱ्या महिन्यातही ते क्रेडिटच दिसत असेल तर पुरवठादाराला फोन करून बिल मागवा, आणि बिल येणारच नसेल तर ती तरतूद का केली होती हे शोधा.